समासातला आगाऊपणा

वाचनालयातून आणलेल्या रहस्यकथेच्या तिसऱ्याच प्रकरणात एका पात्राच्या नावाभोवती पेन्सिलीने गोल काढून समासात ‘हाच खुनी’ असे लिहून ठेवणाऱ्या महाभागाला नेमके काय साधायचे असते, हे मला आजवर उमगलेले नाही. या महिन्यातले हे दुसरे पुस्तक! अगाथा ख्रिस्तीबाईंनी ६६ रहस्यकादंबऱ्यांत वाचकाला शेवटपर्यंत झुलवावे आणि या गृहस्थांनी त्यावर दोन शब्दांत पाणी ओतावे. मी त्या कादंबऱ्या पुन्हापुन्हा वाचतो, खुनी मला ठाऊकच असतो, आणि सुगावा डोळ्यांदेखत कसा दडवला आहे हे न्याहाळण्यातच दुसऱ्या वाचनाची गोडी असते; परंतु पहिल्या वाचनाचा, एकदाच मिळणारा धक्का, हे पुस्तक प्रथमच हाती घेणाऱ्या माझ्या भाचीकडून हिरावण्याचा अधिकार यांना कोणी दिला? खोडरबराने घासले तरी कागदावर ठसा उरतोच.