‘शांतता राखा’च्या पाटीखाली

आमच्या तालुक्याच्या गावचं वाचनालय ‘ब’ वर्गाचं, अनुदानाच्या हप्त्याकडे डोळे लावून बसलेलं. तिथल्या सभागृहात मागच्या महिन्यात तिघा पोरांनी प्रयोग केला: तंबोरा, लॅपटॉप आणि बांधीव अंकांची पानं उलटतानाचा आवाज, माइकवरून मोठा केलेला. चाळीस मिनिटं. तेव्हापासून आमचा शाळेचा व्हॉट्सॲप ग्रुप पेटलाय. ‘वाचनालय आहे की तमाशाचा फड?’ हा पहिला मेसेज. (फडावर माणसं तिकीट काढून जातात, वाचनालयाची वर्गणी थकलेली असते, हे कुणी काढलं नाही.) दुसरा मेसेज, ‘ही परदेशी थेरं.’ आणि परदेश म्हटलं की सगळ्यांना मी आठवते.

मी हेलसिंकीत राहते. २०१८ साली उघडलेली इथली ओदी ही सार्वजनिक लायब्ररी ऐन संसदेसमोर आहे. पुस्तकं वर, मधल्या मजल्यावर ड्रम बडवायच्या खोल्या आणि शिलाई मशिनं. मी तिथे पडदे शिवलेत. शेजारच्या खोलीत कुणी गिटारला फक्त खरवडत होतं, आणि एकाही माणसाला संस्कृती बुडाल्यासारखं वाटलं नाही.

तर थेरांबद्दल. १९५२ साली अमेरिकेत वुडस्टॉकला डेव्हिड ट्यूडर पियानोसमोर चार मिनिटं तेहतीस सेकंद एकही सूर न वाजवता बसला. रचना जॉन केजची. त्याच केजनं १९४६ मध्ये न्यूयॉर्कात आपलं भारतीय संगीत समजून घेतलं ते अहमदाबादच्या गीता साराभाईंकडून. आणि हाच ट्यूडर १९६९ साली अहमदाबादेत येऊन राष्ट्रीय डिझाइन संस्थेत मूग सिंथेसायझरचा, म्हणजे विजेवर सूर तयार करणाऱ्या यंत्राचा, स्टुडिओ उभा करून गेला. आता सांगा, कुणाची थेरं? हे सगळं मी ग्रुपवर टाकलं. तीन अंगठे आले.

मग एका वर्गमित्राचा मेसेज आला. त्याची मुलगी राज्यसेवेचा अभ्यास करते. घरात दोन खोल्या, सहा माणसं, आणि टीव्ही. ‘तिला तेवढी वाचनालयातली अभ्यासिकाच आहे गं. तुमच्याकडे शांतता घरबसल्या मिळते.’

हे लागलं. कारण खरंच मिळते, नको इतकी मिळते. नोव्हेंबरात चारलाच अंधार पडतो, आणि शेजाऱ्याशी माझं बोलणं लिफ्टपुरतं. मी ओदीत वाचायला जात नाही, आवाजात बसायला जाते. सात वर्षांत माझं फिनिश दुकानाच्या पुढे सरकलं नाही. असल्या विचित्र संगीताला जाऊन बसते, कारण तिथे कुणालाच काही कळत नसतं. तेवढा वेळ मी त्यांच्यातलीच एक असते.

वर्गमित्राला लिहिलं, ‘अभ्यासिका बंद झाल्यावर करा म्हणावं कार्यक्रम.’ एवढंच म्हणायचं होतं तर गीता साराभाईंना मध्ये आणायची गरज नव्हती. पण तमाशाचा फड हे शब्द अजून डोक्यात आहेत, ते मी सोडणार नाही.

भाचीनं त्या प्रयोगाचं रेकॉर्डिंग पाठवलं. ट्राममध्ये ऐकलं. पानांची सळसळ, तंबोरा, मग कंटाळा. तेवीसाव्या मिनिटाला मागून शिपाईकाकांचा आवाज, ‘पंखा बंद करू का हो?’ आणि लांबवर एसटीचा हॉर्न.

माझा स्टॉप गेला. तेवढाच तुकडा मी चारदा लावला. त्यापुढचं अजून ऐकलेलं नाही.