'वय लपवायची हौस': एका प्रतिक्रियेला उत्तर

मल्टिफोकल लेन्सवरच्या, म्हणजे दूरचा आणि जवळचा दोन्ही नंबर असलेल्या कॉन्टॅक्ट लेन्सवरच्या, माझ्या लेखाखाली 'स्पष्टवक्ता' नावाने भलीमोठी प्रतिक्रिया आली आहे. तिचं पहिलंच वाक्य: "चाळिशी लागली हे कबूल करायचं नाही, म्हणून ही वय लपवायची हौस, आणि वर त्याची जाहिरात." पुढे रात्रीचे दिवे, कोरडे डोळे, खर्च आणि त्यांच्या भावाचा अनुभव.

टोपणनावाआडून स्पष्ट बोलायला फारसं काही लागत नाही, पण असो.

हौस म्हणालात ना? नाटकांची रंगभूषा करता करता माझे केस पिकले, आणि ते मी रंगवत नाही. दाढीचा क्रेप स्पिरिट गमने चिकटवताना नटाचा चेहरा माझ्यापासून वीतभर अंतरावर असतो. पुढच्या मिनिटाला विंगेत उभं राहून प्रकाशात रंग कसा उठतोय ते बघायचं. प्रोग्रेसिव्ह चष्म्यात जवळचा नंबर खालच्या भागात. उंच नट उभा असताना त्याच्या कपाळावर टोपाची कड बसवायची, तर मी हनुवटी छताकडे करून काम करायचं का? आणि खाली वाकलं की घामाने चष्मा घसरतो तो वेगळाच.

लेन्सला असं वर-खाली नसतं. ती डोळ्याबरोबर फिरते. दूरचं आणि जवळचं दोन्ही एकाच वेळी बाहुलीतून आत जातं, हवं ते मेंदू उचलतो. एअर ऑप्टिक्स या ब्रँडच्या लेन्समध्ये जवळचा नंबर मधोमध असतो. बायोफिनिटी या दुसऱ्या ब्रँडमध्ये साधारणपणे एका डोळ्याला मधोमध दूरचा, दुसऱ्याला मधोमध जवळचा. सवय व्हायला आठवडा-दोन आठवडे जातात, तोवर अक्षरांना सावली दिसू शकते. हे सगळं लेखात होतं. जाहिरात करणारी बाई हे लिहील?

शिवाय माझा नंबर मायनस. चष्मेवाले मायनस लोक वाचताना चष्मा काढतात आणि सुटतात. लेन्सवाल्यांना ती सोय नाही, उलट जवळचं बघायला चष्म्यापेक्षा लेन्समधून डोळ्याला जास्त जोर लावावा लागतो. कॉलेजपासून लेन्स लावणाऱ्या मला चाळिशी कुणी कळवायला आलं नव्हतं, भुवई कोरताना ती रोज कळत होती. लपवणार कुणापासून?

बाकीचं थोडक्यात. चष्मा स्वस्त पडतो, मान्य. अंधारात बाहुली मोठी होते, त्यामुळे दिव्यांभोवती वलयं दिसतात, तेही खरं. पण मी काही कुणाला रात्री घाटात गाडी घेऊन पाठवलेलं नाही. कोरड्या डोळ्यांचं तुमच्या डॉक्टरांना विचारा.

राहता राहिले तुमचे बंधू, जे "अधूनमधूनच घालतात म्हणून" महिन्याची एक जोडी तीन महिने चालवतात. साहेब, पाकीट फोडलं त्या दिवसापासून महिना मोजायचा, घातलेले दिवस नाही. मला जाहिरातबाज म्हणण्याआधी तेवढं त्यांना सांगितलं असतंत तर बरं झालं असतं. आणि डबीत सोल्यूशनऐवजी नळाचं पाणी तर घालत नाहीत ना, तेही विचारा. त्या पाण्यातल्या अकँथअमीबा नावाच्या सूक्ष्मजीवाने डोळा जाऊ शकतो.