शाळेचा निकाल नको, मागच्या बाकावरची वही बघा

‘खासगी शाळेचा निकाल बघा आणि सरकारी शाळेचा बघा’ असं कोणी म्हणालं की वाद तिथेच चुकीच्या रस्त्याला लागतो. त्या निकालात शाळेने शिकवलेलं किती आणि मूल घरून घेऊन आलेलं किती, हे वेगळं काढल्याशिवाय त्या आकड्यावरून काहीच ठरत नाही. फीमुळे एक चाळणी लागते, प्रवेशाच्या चाचणीने दुसरी. त्यातून उरलेल्या मुलांच्या घरी पुस्तकं असतात, अभ्यासाला बसवणारं माणूस असतं, वर शिकवणीही असते. सरकारी शाळेला मात्र दारात येईल त्या मुलाला घ्यावंच लागतं. म्हणूनच ‘पिसा’ या पंधरा वर्षांच्या मुलांच्या आंतरराष्ट्रीय चाचणीत घरची परिस्थिती हिशेबात धरली की खासगी शाळांची आघाडी बहुतेक देशांत बरीचशी ओसरते.

याची सगळ्यात चोख तपासणी आंध्र प्रदेशात झाली. 2008 मध्ये सरकारी शाळांतल्या इच्छुक मुलांची सोडत काढली आणि नंबर लागलेल्यांची खासगी शाळेची फी भरली. म्हणजे तुलना सारख्याच घरांतल्या मुलांची. चार वर्षांनी तेलुगू आणि गणितात दोन्ही गट बरोबरीत होते, हिंदीत खासगीवाले पुढे. कारण वेळापत्रकात सापडतं: खासगी शाळा तेलुगू-गणिताला कमी तासिका देत होत्या आणि उरलेला वेळ इतर विषयांना, हिंदीलाही. शिवाय दर मुलामागचा खर्च सरकारीच्या एक तृतीयांशाहून कमी. हेही प्रामाणिकपणे मान्य करायला हवं, कमी खर्चात तेवढंच शिकवणं ही छोटी गोष्ट नाही. (हा खर्च मुख्यतः शिक्षकांच्या तुटपुंज्या पगारामुळे वाचतो, आणि ते मला अजिबात पटत नाही.)

तेव्हा पाटी वाचून शाळा ठरवू नका. सत्राच्या मध्यावर, साध्या कामाच्या दिवशी जा. प्रवेशाच्या दिवसांत सगळ्याच शाळा छान दिसतात.

गणिताची वही मागा, पण शाळा पुढे करेल ती नको, मागच्या बाकावरच्या मुलाची. मधलं पान उघडा. चुकलेल्या उदाहरणाखाली मुलाने ते पुन्हा सोडवलंय का, आणि त्यावर शिक्षकांची दुसऱ्यांदा खूण आहे का? नुसत्या बरोबरच्या खुणा आणि खाली सही असेल तर वही तपासली नाही, उरकली. दोन तपासण्यांत तीन आठवड्यांचं अंतर असेल तर चूक तोवर पक्की झालेली असते. मग निबंधाच्या चार वह्या शेजारी ठेवा. वाक्यं शब्दशः सारखी असतील तर ते फळ्यावरून उतरवलंय, एवढ्यात कळतं.

तिसरी-चौथीच्या मुलाला एक परिच्छेद वाचायला द्या, पण पाठ्यपुस्तकातला नको, तो पाठ असतो. एक यत्ता खालचा, न पाहिलेला द्या आणि वाचल्यावर ‘काय झालं यात?’ एवढंच विचारा.

खासगी शाळेत विचारा, दोन वर्षांपूर्वीचे किती शिक्षक आज इथे आहेत. सरकारी शाळेत विचारा, किती पदं रिकामी आहेत आणि एका शिक्षकाकडे किती यत्ता आहेत. फीचा हिशेब गाडी, गणवेश, पुस्तकं आणि बाहेरची शिकवणी धरून पूर्ण करा. ती शिकवणी लागतच असेल तर मूल नक्की कुठे शिकतंय, हे शाळेलाच विचारा.

आणि वह्या दाखवायला जी शाळा तयार नसेल, ती सरकारी असो वा खासगी, यादीतून काढून टाका.