के-टूमधला ‘टू’ हा उंचीतला क्रमांक नव्हे

नागपुरातील भटकंती करणाऱ्यांच्या व्हॉट्सॲप गटांवर सध्या एक संदेश फिरतो आहे. जॉर्ज एव्हरेस्ट यांनी सर्वोच्च शिखराला स्वतःचे नाव दिले, इंग्रजांपूर्वी हिमशिखरांना नावेच नव्हती, आणि उंचीत दुसरे म्हणून के-टू हे नाव पडले, असे त्यात म्हटले आहे. यातले एकही विधान खरे नाही.

पहिले विधान तर एव्हरेस्ट यांच्यावर अन्याय करणारे आहे. भारताच्या त्रिकोणमितीय सर्वेक्षणाचे प्रवर्तक विल्यम लॅम्बटन १८२३ मध्ये नागपूरकडे येताना हिंगणघाट येथे वारले (त्यांची कबर तिथेच आहे), आणि ते काम एव्हरेस्ट यांच्याकडे आले. ते १८४३ मध्ये निवृत्त झाले. सर्वेक्षणाच्या नोंदीतले पंधराव्या क्रमांकाचे शिखर, म्हणजे आजचे एव्हरेस्ट, सर्वांत उंच असल्याचे सर्वेक्षणातील गणितज्ञ राधानाथ सिकदार यांच्या गणितातून दिसले, ते त्यानंतर अनेक वर्षांनी. नेपाळ आणि तिबेटमध्ये प्रवेश नसल्याने स्थानिक नाव खात्रीने कळत नाही, असे कारण देऊन १८५६ मध्ये एव्हरेस्ट यांच्यानंतरचे सर्वेक्षण प्रमुख अँड्र्यू वॉ यांनी आपल्या माजी वरिष्ठांचे नाव सुचवले. हे नाव हिंदीत लिहिता येणार नाही आणि इथल्या लोकांना उच्चारता येणार नाही, अशी हरकत खुद्द एव्हरेस्ट यांनीच घेतली होती. तरीही लंडनच्या रॉयल जिओग्राफिकल सोसायटीने १८६५ मध्ये ते मान्य केले.

नाव साहेबाला कळले नाही, म्हणून ते नव्हतेच असे होत नाही. चोमोलुंग्मा हे त्याच शिखराचे तिबेटी नाव १७३३ च्या फ्रेंच नकाशात आलेले आहे. सागरमाथा हे त्याचे नेपाळी नाव मात्र विसाव्या शतकात इतिहासकार बाबुराम आचार्यांनी रूढ केले, हे मान्य करायला हवे. नंदादेवी, धौलागिरी, कांचनजंगा ही नावे कोणत्या साहेबाने ठेवली?

के-टूची गोष्ट वेगळी आहे. १८५६ मध्ये सर्वेक्षक टी. जी. मॉन्टगोमेरी यांनी काश्मीरमधील हरमुख पर्वतावरून दूरची शिखरे पाहिली आणि दिसली तशी काराकोरम पर्वतरांगेचा ‘के’ लावून त्यांची नोंद केली. के-वन ठरलेले शिखर के-टूपेक्षा बरेच ठेंगणे आहे. खालच्या वस्तीत त्याला माशेरब्रुम म्हणतात हे कळल्यावर तेच नाव नकाशावर आले. के-टू मात्र हिमनद्यांच्या इतक्या आत आहे, की वाटेवरच्या शेवटच्या अस्कोले गावातूनही ते दिसत नाही, आणि जे रोज दिसत नाही त्याला हाक मारण्याची गरजही पडत नाही. या भागाचे सर्वेक्षण करणारे गॉडविन-ऑस्टेन यांचे नाव त्याला देण्याची सूचना १८८८ मध्ये झाली, पण ती स्वीकारली गेली नाही, आणि नोंदवहीतला क्रमांकच टिकून राहिला.