सहा दिवस सांगतेय, दोष बाहेरच्या तारेत आहे

राउटर बंद करा, दोन मिनिटं थांबा, परत चालू करा. सहा दिवसांत नेट कंपनीच्या तक्रारीच्या फोनवर हे वाक्य मी अकरा वेळा ऐकलं. अकराव्या वेळी तळपायाची आग मस्तकात गेली आणि मी फोनवर ओरडले. पलीकडच्या मुलीवर ओरडायला नको होतं, तिला जे लिहून दिलंय तेच ती वाचते. माझा राग ते लिहून देणाऱ्यांवर आहे.

सांगलीत एका करसल्लागाराच्या ऑफिसात सहा कॉम्प्युटर, ते एकमेकांना जोडणारा नेटवर्क स्विच आणि प्रिंटर मी सांभाळते. १४ जुलैला दुपारी नेट यायला-जायला लागलं. चार मिनिटं आहे, दोन मिनिटं नाही. त्यापेक्षा साफ बंद पडलेलं परवडलं, निदान बघायला येणाऱ्याला ते दिसतं तरी. आणि तारीख बघा. दर महिन्याला जीएसटी रिटर्न भरणाऱ्यांची जीएसटीआर-३बी, म्हणजे कर भरायचं रिटर्न, २० तारखेपर्यंत जायला हवी. चलान तयार करायचं, बँकेच्या पानावर जायचं, ओटीपी टाकायचा, आणि नेमकी तेव्हाच लाईन जाते. मग पैसे गेले की नाही गेले, गेले असतील तर पोर्टलवर का दिसत नाहीत, म्हणून जिवाला घोर. उशीर झाला तर दिवसाला ५० रुपये विलंब शुल्क, वर थकलेल्या करावर वर्षाला १८ टक्के व्याज. तो भुर्दंड किराणा दुकानदाराला बसतो आणि बोलणी आम्ही खातो.

फोन करण्याआधी मी सगळं तपासलं होतं, आणि चिडचिड होते ती याचीच. तपासायची एक रीत असते, जवळून सुरुवात करून एकेक टप्पा बाहेर सरकायचं. आधी कॉम्प्युटरला नेटवर्कवरचा पत्ता (आयपी) मिळालाय का ते पाहिलं. १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता दिसला असता तर राउटरकडून पत्ताच मिळाला नाही असं कळलं असतं. आमच्या सहाही मशीनना १९२.१६८.१ चे पत्ते नीट मिळालेले. मग राउटरला पिंग मारला, म्हणजे छोटे संदेश पाठवून किती परत येतात ते मोजलं; १०० पैकी १०० परत आले. मग बाहेर ८.८.८.८ ला, म्हणजे गूगलच्या सर्व्हरला मारला, १०० पैकी ७१. नाव न टाकता थेट आकड्याच्या पत्त्यालाच पिंग गळतोय, म्हणजे साईटच्या नावावरून पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा प्रश्न नाही. सगळं वायरवर आहे, म्हणजे वायफायचाही नाही. राउटरपर्यंत सगळं ठणठणीत, त्याच्या पुढे २९ टक्के गळती. यापेक्षा सोपा पुरावा कुठला हवा?

हे पिंग काही नवं हत्यार नाही. माईक म्यूस या माणसाने डिसेंबर १९८३ मध्ये ते लिहिलं, तेही नेटवर्क विचित्र का वागतंय हे शोधण्यासाठीच. चाळीस वर्षं उलटून गेली. प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये ते फुकट असतं. आणि ज्या कंपनीचा धंदाच नेट विकण्याचा, तिच्या तक्रार विभागात ते आकडे लिहून घ्यायला एक रकाना नाही!

यापुढची गोष्ट तर आणखी संतापजनक. आमचं नेट फायबरवर, म्हणजे प्रकाश वाहून नेणाऱ्या काचेच्या तारेवर येतं. ती तार जिथे लागते त्या डब्याच्या सेटिंगच्या पानावर येणाऱ्या प्रकाशाची ताकद दिसते, डीबीएम या मापात; उणे आकडा जितका मोठा, तितका प्रकाश कमी. जोडणी झाली त्या दिवशी मी तो आकडा वहीत लिहून ठेवला होता, उणे १९. आता तिथे उणे २८. दर तीन डेसिबलला प्रकाश निम्मा होतो, म्हणजे नऊ डेसिबलला आठवा हिस्सा उरला. साधारण उणे २७ च्या खाली हे डबे डळमळायला लागतात. त्यावरचा एलओएसचा, म्हणजे प्रकाश पोचत नसल्याचा, लाल दिवा म्हणूनच मधून मधून लुकलुकत होता. बरं, हा आकडा कंपनीला तिच्या यंत्रणेतून इथे न येताही वाचता येतो. सहा दिवसांत एकानेही वाचला नाही.

त्याऐवजी मला काय काय ऐकवलं! "मॅडम, तुमच्या एरियात आउटेज दाखवत नाही." कसं दाखवेल? खांबावरच्या स्प्लिटरपासून, म्हणजे एका तारेतला प्रकाश अनेक घरांना वाटणाऱ्या डबीपासून, आमच्या खिडकीपर्यंतची तार एकट्या आमची आहे. ती बिघडली तर शेजारच्याचं नेट चालूच राहणार. "मॅडम, मोठा प्लॅन घेऊन बघा." अहो, प्रकाशच पोचत नाही तिथे प्लॅन काय करणार? एकाने तर टाचणीने मागचं बटण दाबायला सांगितलं. तो रीस्टार्ट नव्हे, रीसेट. कनेक्शनचं युजरनेम, पासवर्ड, सगळ्या सेटिंग पुसून गेल्या असत्या आणि जे अर्धंमुर्धं चालतंय तेही १८ तारखेला बंद पडलं असतं. मी ठाम नकार दिला, तर "ग्राहक सहकार्य करत नाहीत" असं ऐकून घ्यावं लागलं.

तिसऱ्या दिवशी एक मुलगा आला. दारातूनच त्याने विचारलं, "सर कुठंयत?" मी म्हटलं, नेटवर्क मी बघते, मला सांगा. त्याने मोबाईलवर स्पीड टेस्ट लावली, नेमकं तेव्हा नेट होतं. "चालतंय की," म्हणून निघाला. मी वही पुढे केली, ती त्याने हातातसुद्धा घेतली नाही. तो जिना उतरेपर्यंत मेसेज आला, तक्रार सोडवली. मला न विचारता! नवी तक्रार टाकली की परत पहिल्यापासून, राउटर बंद करा, दोन मिनिटं थांबा.

१९ तारखेला संध्याकाळी मात्र एक वयस्कर लाईनमन आले, भर पावसात. त्यांनी आधी ऐकून घेतलं, वही बघितली, डब्यातली तार काढून प्रकाश मोजणाऱ्या पॉवर मीटरला लावली आणि म्हणाले, "ताई, बरोबर आहे तुमचं. वाकलीय कुठंतरी." गच्चीवर गेलो. पाण्याची पाईप बसवणाऱ्या कुणीतरी आमची तार ग्रिलला लोखंडी तारेने करकचून आवळून काटकोनात वळवली होती. वारा आला की ती आणखी दबायची. फायबर असं वाकलं की प्रकाश बाहेर सांडतो. काकांनी गाठ सोडली, तेवढा तुकडा कापून नवा जोड मारला. मीटरवर उणे १९.५. दहा मिनिटं लागली. दहा मिनिटांच्या कामासाठी सहा दिवस!

त्या रात्री साडेअकरापर्यंत बसून आम्ही रिटर्न भरले.

दुसऱ्या दिवशी तक्रारीचा शेरा मेलवर आला. दोषाचं कारण: ग्राहकाचा राउटर. उपाय: रीस्टार्ट. मी तो मेल तीनदा वाचला. मग पिंगचे आकडे, वहीतल्या नोंदी, आवळलेल्या तारेचा फोटो जोडून उत्तर पाठवलंय. शेरा बदला. दोष बाहेरच्या तारेत होता, आणि ती दुरुस्त करणारे काका होते, तुमचा रीस्टार्ट नव्हे. अजून उत्तर नाही. मी रोज पाठवणार आहे.