‘टुमारो नेव्हर नोज’चे श्रेय कोणाला?

बीटल्स या ब्रिटिश बँडच्या ‘टुमारो नेव्हर नोज’ या गाण्याविषयी लिहिणारे बहुतेक जण एलएसडी या भ्रम निर्माण करणाऱ्या अमली पदार्थापासून सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. सुरुवात चुकीची नाही. बँडमधल्या जॉन लेननने लंडनमधील इंडिका या पुस्तकांच्या दुकानातून टिमथी लिअरी, राल्फ मेट्झनर आणि रिचर्ड अल्पर्ट यांचे ‘द सायकेडेलिक एक्सपीरियन्स’ घेतले होते. एका प्राचीन तिबेटी मृत्युग्रंथाचा आधार घेऊन एलएसडीच्या अनुभवात वाट दाखवू पाहणारे ते पुस्तक, आणि गाण्याची पहिली ओळ त्यातूनच जवळजवळ जशीच्या तशी आलेली आहे. शीर्षक मात्र बँडचा ड्रमवादक रिंगो स्टारच्या तोंडून एका मुलाखतीत निसटलेल्या वाक्याचे. शब्दांमधल्या जड तत्त्वज्ञानाची धार थोडी बोथट व्हावी म्हणून ते घेतले, असे लेनननेच पुढे सांगितले आहे.

तरीही ‘नशेचे गाणे’ हा शिक्का मला मान्य नाही. नशेने विषय दिला असेल. आज साठ वर्षांनंतरही जो ध्वनी ऐकताना माणूस दचकतो, तो हातांनी, यंत्रांनी आणि ईएमआय या शिस्तीच्या ध्वनिमुद्रण कंपनीतील पगारी तंत्रज्ञांनी घडवलेला आहे.

६ एप्रिल १९६६ रोजी ॲबी रोडवरील स्टुडिओत ‘रिव्हॉल्व्हर’ या अल्बमचे काम सुरू झाले ते याच गाण्याने, आणि तेव्हा त्याचे कामचलाऊ नाव ‘मार्क वन’ होते. ध्वनिमुद्रणाची जबाबदारी नुकतीच जेफ एमेरिककडे आली होती आणि त्याचे वय होते अवघे वीस. डोंगरमाथ्यावरून दलाई लामा मंत्रपठण करीत आहेत असा आपला आवाज यावा, ही लेननची मागणी होती. (आपल्याला दोराने टांगून माइकभोवती गरगर फिरवावे, अशीही सूचना त्याने केल्याचे सांगतात, ती कोणी मनावर घेतली नाही हे बरे झाले.) त्याऐवजी हॅमंड ऑर्गनसोबत वापरला जाणारा, आत फिरता कर्णा असलेला लेस्ली स्पीकर उघडून त्यातून आवाज सोडण्यात आला. गाण्याच्या उत्तरार्धात लेनन दूरवरून, किंचित थरथरत ऐकू येतो तो त्यामुळे. रिंगोच्या बास ड्रममध्ये लोकरी स्वेटर कोंबला, माइक नियमापेक्षा कितीतरी जवळ आणला आणि तो ठोका फेअरचाइल्ड लिमिटर या आवाजाची पातळी आवरणाऱ्या यंत्रातून दाबून घेतला. हे सारे कंपनीच्या लिखित नियमांना धरून नव्हते.

दुसऱ्या दिवसाचे काम त्याहून विलक्षण आहे. बँडमधलाच पॉल मॅकार्टनी तेव्हा श्टॉकहाउझेन या जर्मन संगीतकाराचे इलेक्ट्रॉनिक संगीत ऐकत होता आणि घरच्या टेप रेकॉर्डरवर फितीची दोन टोके जोडून तिची वेटोळी बनवत होता. त्यांपैकी पाच निवडण्यात आली. समुद्रपक्ष्यांच्या कलकलाटासारखे जे ऐकू येते, ते वेग वाढवलेले हसू आहे, असे एमेरिकसह अनेकांनी नोंदवले आहे. ही वेटोळी इमारतीतील वेगवेगळ्या यंत्रांवर एकाच वेळी फिरत होती, पांढऱ्या कोटातील कर्मचारी पेन्सिली अडकवून ती ताणून धरत होते आणि मिक्सिंगच्या टेबलावर त्यांचा आवाज त्या क्षणाला कमी-जास्त केला जात होता. म्हणून ते मिश्रण हुबेहूब पुन्हा करता येण्यासारखे नव्हते.

आपल्याकडच्या श्रोत्याला या गाण्यात परके वाटू नये अशी एक गोष्ट आहे. ते तंबोऱ्याने उघडते आणि जवळपास तीन मिनिटे एकाच षड्जावर उभे राहते. कोमल निषाद डोकावतो, पण बूड हलत नाही. पाश्चात्त्य रॉकमध्ये हे धाडस होते. मात्र यावरून ते ‘भारतीय’ गाणे ठरवण्याची घाई करू नये, कारण बीटल्सचा गिटारवादक जॉर्ज हॅरिसन आणि पंडित रविशंकर यांची भेटच त्यानंतर, जून १९६६ मध्ये झाली. भारतीय संगीत आणि नशा यांची सांगड घालण्याला रविशंकरांनी आयुष्यभर विरोध केला, हेही इथे लक्षात ठेवायला हवे. खऱ्या अर्थाने आपल्या पद्धतीचा प्रयत्न याच अल्बमवरील ‘लव्ह यू टू’ मध्ये आहे. एप्रिलच्या त्याच पंधरवड्यात ध्वनिमुद्रित झालेल्या त्या गाण्यात तबला वाजवणाऱ्या अनिल भागवत यांचे नाव अल्बमच्या मलपृष्ठावर छापलेले आहे, आणि ते वाचताना मला दरवेळी उगाचच बरे वाटते.

अल्बम ५ ऑगस्ट १९६६ रोजी आला. त्याच महिन्याच्या २९ तारखेला सॅन फ्रान्सिस्कोत बीटल्सचा शेवटचा जाहीर सशुल्क कार्यक्रम झाला. त्यात या अल्बममधले एकही गाणे नव्हते. स्वतः लेनन या ध्वनिमुद्रणावर पूर्ण समाधानी नव्हता. त्याच्या मनात हजारो भिक्षूंचे पठण होते. ते मिळाले असते, तर गाणे अधिक भव्य आणि बरेच कमी विचित्र झाले असते, असे माझे मत आहे.

वारशाबद्दल बोलायचे तर फिल कॉलिन्सने १९८१ साली ते पुन्हा गायले, ‘मॅड मेन’ या मालिकेने २०१२ साली त्याच्या वापरासाठी मोठी रक्कम मोजली, पण मला महत्त्वाचे वाटते ते १९९६ चे प्रकरण. केमिकल ब्रदर्स ही इलेक्ट्रॉनिक संगीतातील जोडी आणि गायक नोएल गॅलघर यांचे ‘सेटिंग सन’ हे गाणे ब्रिटनमध्ये पहिल्या क्रमांकावर पोहोचले आणि त्यातील ठोका मूळ ध्वनिमुद्रणातून उचलल्याचा आक्षेप बीटल्सच्या वकिलांनी घेतला. मूळ ध्वनिमुद्रणाचा तुकडा (सॅम्पल) घेतलेला नसून तो ध्वनी नव्याने घडवलेला आहे, हे दाखवण्यासाठी दुसऱ्या बाजूला संगीततज्ज्ञाची मदत घ्यावी लागली.