किडनीतल्या पेशी वाढतात म्हणजे काय? तासगावच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार. अँटीबॉडीमुळे किडनीच्या गाळणीतल्या पेशी वाढतात, असं मी लेखात लिहिलं होतं. त्यावर तुमची तक्रार अशी: 'अँटीबॉडीचा गाळ किडनीच्या गाळणीत अडकतो, एवढं साधं प्रकरण. त्यात पेशींची वाढ घुसडून लोकांना कॅन्सरची भीती का घालता? वाढ म्हणजे उलट भरून येणं. भरपूर पाणी प्या, गाळ निघून जाईल.'

कॅन्सरचा इथे संबंध नाही, आणि माझ्या लेखात तो शब्दही नव्हता. पण 'अडकतो' म्हणून थांबलात तर हा आजार हाती लागत नाही. आयजीए नेफ्रोपॅथी हा किडनीचा आजारच घ्या, १९६८ साली पॅरिसच्या बर्जे यांनी सहकाऱ्यासह वर्णन केलेली. यात आयजीए-१ या अँटीबॉडीवरच्या साखरसाखळीत गॅलॅक्टोज कमी पडतं. शरीर तिलाच परकी समजून तिच्याविरुद्ध दुसरी अँटीबॉडी तयार करतं आणि दोघींचं संयुग मेसँजियल पेशींपाशी जाऊन बसतं. ग्लोमेरुलस म्हणजे किडनीतली बारीक गाळणी, तिच्यातल्या केशवाहिन्यांना आधार देणाऱ्या या पेशी. प्रयोगशाळेत त्यांच्यावर रुग्णांची ही संयुगं टाकली की त्या विभागू लागतात. तीच सदोष आयजीए सुटी टाकली तर नाही. गाळ असं करत नाही. संयुग पेशीला चेतवतं, मग पेशी पीडीजीएफसारखी वाढीची द्रव्यं सोडते, शेजारच्या पेशींनाही जुंपते आणि भोवती आंतरद्रव्य, म्हणजे पेशींमधला भराव, साठवत जाते. मेसँजियल पेशींवर अँटीबॉडीचा हल्ला घडवलेल्या उंदरांत पीडीजीएफ अडवलं, तेव्हा वाढ घटली.

भरून येण्याचं म्हणाल, तर ग्लोमेरुलसमध्ये जागा मोजकीच. पेशी आणि आंतरद्रव्य वाढत राहिलं तर केशवाहिन्या दबतात, पुढे व्रण पडतात. बायोप्सीच्या अहवालात ऑक्सफर्ड वर्गीकरणातला, म्हणजे या आजाराची बायोप्सी जोखण्याच्या पद्धतीतला, 'एम' असतो, तो याच वाढीचा.

आता खरी गंमत. मेम्ब्रेनस नावाच्या दुसऱ्या किडनीविकारात संयुगं गाळणीच्या पडद्याच्या बाहेरच्या अंगाला, त्याला बाहेरून झाकणाऱ्या पोडोसाइट पेशींखाली साठतात. या पेशी सहसा विभागत नाहीत. त्यामुळे वाढ जवळपास दिसत नाही, प्रथिनं मात्र लघवीतून भरमसाट जातात. संयुगं कुठे बसली, त्यावर सगळं ठरतं. घशाच्या स्ट्रेप्टोकोकस संसर्गानंतर मुलांना होणाऱ्या प्रकारात तर वाढ जोरदार असते, तरी बहुतेक मुलं बरी होतात, कारण जंतू गेला की नवी संयुगं बनणं थांबतं.

आणि पाणी? तो सल्ला मुतखड्याचा. ही संयुगं ग्लोमेरुलसच्या आत रुतलेली असतात, पाण्याने वाहून जात नाहीत. सूज असलेल्या रुग्णाला डॉक्टर बऱ्याचदा पाणी मोजून प्यायला सांगतात. मिरजेत किडनीच्या ओपीडीबाहेर कुणाला 'भरपूर पी' म्हणण्याआधी त्याच्या कागदावर काय लिहिलंय, ते विचारा.